गाण्यातला बुरखा आणि हळदीकुंकवाचा फोटो

माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा मूर्खपणा एका बोटाने झाला. त्या बोटाने मी चैत्रातल्या हळदीकुंकवाचा एक फोटो आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवला, खाली एक ओळ लिहिली, ओळीच्या दोन्ही बाजूंना फुलं टाकली आणि पन्ह्याचा ग्लास घेऊन कोण काय म्हणतंय ते बघत बसले. तेव्हा मी लहान होते. नुकतीच अडुसष्ट पूर्ण झाली होती. आता बहात्तरावं चालू आहे आणि अक्कल आली आहे असं मला वाटतं. नातीला तसं वाटत नाही.

फोटोत चैत्रगौर होती, कलिंगडाची कमळं होती आणि गौरीच्या शेजारी दोन मुली आंब्याची डाळ खाता खाता हसत होत्या. एक माझी नात. दुसरी तिची कॉलेजातली मैत्रीण. ही मैत्रीण बुरखा घालते आणि घराबाहेर चेहऱ्यावर नकाब असतो. कॉलेजातल्या एकाही मुलाने तिचा चेहरा पाहिलेला नव्हता. आमच्या घरी पहिल्यांदा आली त्याच दिवशी तिने मला सांगितलं होतं, "आजी, माझा फोटो नका काढू हं." मी म्हटलं होतं, "छे छे, मी कशाला काढू?" हे मी आत्ता विसरल्यासारखं लिहू शकते, पण मी विसरले नव्हते. मला वाटलं, बायकांचाच तर ग्रुप आहे.

आधी त्या पोरीबद्दल सांगते. तिचे वडील बनारसी साड्यांवरच्या नक्षीचे कागद काढणारे. मोहल्ला मदनपुरा, म्हणजे आमच्या दुर्गाघाटापासून फार लांब नाही, पण माझ्या सासूबाईंना विचारलं असतं तर त्यांनी परदेशच सांगितला असता. नात आणि ती कॉलेजात एका बाकावर बसायच्या. पहिल्या वर्षी ती जिना चढून वर आली, दारातच नकाब वर केला, दोन क्षण दम खाल्ला आणि म्हणाली, "तुमच्या जिन्याला शेवट आहे ना?" तिथेच मला ती आवडली.

आम्ही काशीतले मराठी. कितवी पिढी ते आमचं आम्हालाच नीट ठाऊक नाही. घरात मराठी बोलतो, म्हणजे मी बोलते. मुलगा उत्तर देतो, सून हिंदीत 'हां' म्हणते आणि नात अर्धं वाक्य मराठीत सुरू करून गलीतल्या हिंदीत नेऊन सोडते. ही मैत्रीण मात्र मराठी शब्द गोळा करायला लागली. 'लुडबुड' तिला फार आवडायचा. दोन वर्षांत ती माझ्याशी मराठी बोलू लागली, जरा अडखळत, पण नातीपेक्षा बरी. आणि ती स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवायची. पिठलं, भात, ठेचा. ज्या स्वयंपाकघरात सासूबाईंनी मला सोवळ्याशिवाय पाऊल टाकू दिलं नाही, तिथे ही पोर "आजी, खरवड आहे का?" असं विचारायची.

मला याचा इतका अभिमान होता की सांगता सोय नाही. देवळात, भाजीवाल्याकडे, मंगला गौरीच्या पायऱ्यांवर भेटेल त्या बाईला मी हे ऐकवायची. "आमच्याकडे नातीची मैत्रीण येते बरं का, मुसलमान आहे. पाटावर बसून जेवते!" जेवत होती ती, आणि ढेकर मी देत होते.

हा अभिमान जुना होता. मी सांगलीकडून लग्न होऊन इथे आले तेव्हा वीस वर्षांची होते आणि आपण फार सुधारलेल्या आहोत अशी माझी खात्री होती. सासूबाई म्हणाल्या, घाटावर जाताना शेला लपेटून घ्यायचा. मी म्हटलं, नाही घेणार. तीन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही, आणि मी आपली स्वातंत्र्ययुद्धात असल्यासारखी मान ताठ करून फिरत होते. शेजारच्या बनारसी घरातली सून छातीपर्यंत घुंगट ओढायची. मला तिची कीव यायची. एकदा चबुतऱ्यावर गाठून तिला मी व्याख्यान दिलं की बाई, हे टाकून दे, आमच्यात बघ कसं नसतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बहनजी, आपको पता है मैं अभी क्या कर रही थी?" घुंगट उचलून दाखवला. माझं व्याख्यान चालू असताना ती आत जीभ बाहेर काढून बसली होती. त्यातून काही शिकायला हवं होतं. मी घरी येऊन सांगितलं की बिचारी अडाणी आहे.

तर ही अशी मी. आता त्या गाण्यांकडे येते.

कूलर माझ्या खोलीत आहे, त्यामुळे उन्हाळ्यात पोरी अभ्यासाला माझ्याच खोलीत. एक दिवस लॅपटॉपवर काहीतरी धडाम धडाम वाजत होतं. मी चष्मा लावून बघितलं आणि हातातली वात खाली पडली. पडद्यावर एक परदेशी गायिका. जगभर नाव असलेली, असं नात म्हणाली. चेहऱ्यावर काळं कापड, फक्त डोळे उघडे. आणि मानेखाली, आता कसं सांगू, पोहायला जातात तेवढेच कपडे. मागे वाळवंट, दोन उंट, आणि एक मशाल कशाला होती देव जाणे.

"शी! हे काय बघता गं?"

"अभ्यास आहे, आजी," नात म्हणाली.

मी त्या मैत्रिणीकडे पाहिलं. मला वाटलं, हिला किती वाईट वाटत असेल. ती कुरमुरे खात होती. "अजून बघा ना," ती म्हणाली, "आता कडवं संपलं की कापड उडेल." आणि खरंच, ढोल वाजला आणि त्या बाईने चेहऱ्यावरचं कापड फर्रकन ओढून वाऱ्यावर सोडून दिलं. कापड उंटाच्या डोक्यावर पडलं.

"बघा! मी सांगितलं होतं!" पोर टाळ्या पिटत होती.

तिला ही सगळी गाणी पाठ होती. याचाच मला पहिला मोठा धक्का बसला. मला वाटायचं, बुरखा घालते म्हणजे ही गाणी हिच्या कानावर पडत नसणार. आणि तिला कुठल्या गाण्यात कुठलं वाद्य कधी येतं, कुणी कुणाची चाल उचलली, सगळं ठाऊक. आमच्या बोलण्यात ती टेबलावर ठेका धरायची. त्या दोघींनी आंतरमहाविद्यालयीन वादविवादात नाव दिलं होतं आणि विषय होता, 'पाश्चात्त्य पॉप संस्कृतीने बुरख्याला नवा अर्थ दिला आहे'. या दोघी विरुद्ध बाजूने बोलणार होत्या.

मग काय, रोज दुपारी माझ्या खोलीत तुंबळ. सरावासाठी नात उलट बाजू घ्यायची, आणि घेता घेता ती तिला पटायलाही लागायची.

"अगं पण निदान दाखवतात तरी! आधी तर तुम्ही कुठे दिसतच नव्हता."

"दिसू नये म्हणून तर घालतो, वेडे."

"मजाक छोड़. एवढी मोठी स्टार घालते, तर तिकडच्या शाळेत ज्या मुलींना चिडवतात त्यांना बरं वाटतं की नाही?"

"वाटतं, मान्य. पण स्टार ते काढून पेटीत ठेवते आणि विमानात बसते. शाळेतली मुलगी तेच डोक्यावर घेऊन घरी चालत जाते. रस्त्यात कोण काय बोलेल ते ऐकत."

"मग त्याचा अर्थ काय, तू सांग."

"अर्थ नाहीच आहे. मिठाईच्या डब्यावर चमकीचा कागद असतो ना, तसं. उघडायची मजा यावी म्हणून गुंडाळतात. एक तरी गाणं दाखव ज्यात ती बाई शेवटपर्यंत नकाब ठेवून जाते. आणि नकाब असताना ती गात नाही, हे बघितलंस? मागे दुसरं कुणीतरी गातं. ती फक्त बघते. गायची वेळ आली की आधी कापड जातं."

मी थक्क होऊन ऐकत राहिले. मग आम्ही ती सगळी गाणी पुन्हा लावली, आणि खरंच तसं होतं. एका मालिकेचा तुकडा होता, त्यात एक मुलगी एका सोनेरी केसांच्या मुलासाठी डोक्यावरचा रुमाल सोडते. सोडल्याबरोबर खोलीत ऊन येतं आणि व्हायोलिन वाजतं. "पंधरा वर्षं त्या खोलीत ऊन येत नव्हतं का?" ती म्हणाली, आणि मी इतकी हसले की कवळी सावरावी लागली.

तिला एकच गाणं मनापासून आवडायचं. कुठल्याशा परदेशी शहरात एक रुमालवाली मुलगी कपडे धुवायच्या दुकानात बसून घरमालकाच्या नावाने शंख करते, बस्स. रुमालाचा शब्दसुद्धा नाही त्यात. "हे गाणं," ती म्हणायची. "याच्यावर मी शेवट करणार."

एका दुपारी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तू इतकी हुशार, इतकं समजतं तुला, मग तू काढूनच का टाकत नाहीस? भांडणच मिटलं."

तिने टेबलावरचा ठेका थांबवला. "आजी, बघा, तुम्ही पुन्हा माझ्यावर आलात. आपण गाण्यावर बोलत होतो."

"तसं नाही गं..."

"तसंच असतं. वर्गात कविता चालली असली, तरी मास्तर शेवटी माझ्याकडे वळतात, 'और आपके यहाँ?' बजेट असो, पाऊस असो. आमच्याकडे म्हणजे काय, मी काय वेगळ्या ढगाखाली राहते? कॉलेजच्या प्रत्येक स्पर्धेत मला एकच विषय देतात. या वेळी विषय गाण्यांचा आहे. मला गाणी कळतात. मी भाषणात एकदाही 'मी' म्हणणार नाही. माझं घर नाही, माझी आई नाही, माझा नकाब नाही. फक्त गाणी. ऐकणाऱ्याने म्हटलं पाहिजे, हिला गाण्यातलं कळतं."

एवढंच हवं होतं तिला. जिंकल्याची ढाल नको होती, दिल्लीची अंतिम फेरी नको होती. एकदा तरी लोकांनी तिला गाण्यांवर बोलताना ऐकावं. मी म्हटलं, "शाब्बास." मनापासून म्हटलं. आणि त्याच आठवड्यात हळदीकुंकू होतं.

आमचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे पुरुषांना संध्याकाळभर घराबाहेर हाकलायचं. मुलगा ऑफिसातून थेट घाटावर जाऊन बसतो. वर फक्त बायका. म्हणूनच ती निर्धास्त आली. बुरखा आणि नकाब काढून खुंटीला लावला, फिकट हिरवा सूट होता आत. कुंकवाचं बोट मी आपणच मागे घेतलं आणि तिला मोगऱ्याचा गजरा दिला. मंडळाच्या बायका तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या आणि त्या बघत आहेत हे बघून मी फुलत होते. नात गौरीचे फोटो काढत होती. डाळ तिखट झाली होती आणि दोघी हसत सुटल्या तेव्हा मी नातीच्या हातून फोन घेतला, म्हटलं गौरीचा एक मीही काढते. गौर फोटोत आली. अर्धीच आली.

फोटो इतका सुंदर निघाला! मग मी तो माझ्या फोनवर घेतला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या घरी येऊन मोकळी झालेली लेक'.

हे वाक्य मी आज लिहितानाही पेन थांबतं. मोकळी झालेली म्हणे! मी केली होती ना मोकळी, पन्हं देऊन. आठवडाभर त्या परदेशी गायिकेला नावं ठेवत होते, आणि माझ्यात आणि त्या बाईत उंटांचाच काय तो फरक होता.

ग्रुपवर 'किती गोड', 'खूप छान ताई, तुमचं मन मोठं' असं आलं. एकीने लिहिलं, 'दिसायला अगदी आपल्यासारखीच आहे की'. त्यावर मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. काशीतल्या मराठी बायकांचा ग्रुप. पण आमच्यातल्या अर्ध्या बायकांचा फोन हा त्यांचा फोन नसतोच, हे मला ठाऊक असायला हवं होतं. सकाळी त्यावर नवरा बातम्या बघतो, दुपारी मुलगा क्रिकेट, आणि बाईच्या हातात तो येतो तेव्हा त्याची बॅटरी संपलेली असते. फोटो पाठवायचा तो बाईला, आणि उघडतं अख्खं घर.

वादविवादाच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. मोठा हॉल, गच्च भरलेला. समोरच्या बाजूने बोलणारा मुलगा निघाला आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा. ब्रह्माघाटावरचा, लहानपणापासून बघितलेला. हळदीकुंकवानंतर त्याच्या आईबरोबर मी डब्यातून डाळ दिली होती ती यानेच खाल्ली असणार. मला बघून त्याने लांबून नमस्कार केला. मी खूश. म्हटलं, दोन्हीकडे आपलीच पोरं.

नात बरी बोलली, जरा घाईत. मग तो उठला. भाषण चांगलं होतं त्याचं, खोटं कशाला बोलू. म्हणाला, या गाण्यांनी बुरखा हा कैद नसून पोशाख आहे, हवा तेव्हा घालावा, हवा तेव्हा काढावा, हा नवा अर्थ दिला. गाण्यांचे तुकडे तो मागच्या मोठ्या पडद्यावर दाखवत होता. मग म्हणाला, "आणि पुरावा परदेशात कशाला शोधायचा? तो याच मंचावर बसला आहे."

पडद्यावर माझी चैत्रगौर आली. अर्धी. कलिंगडाची कमळं आली. आणि त्या पोरीचा हसणारा चेहरा आला, भिंतीएवढा, दातात डाळीचा कण दिसत होता. खाली फुलांच्या मध्ये माझी ओळ. हातभर उंचीच्या अक्षरांत.

मागून शिट्टी आली. कुणीतरी "वाह" म्हणालं. मला वाटलं, उठावं, पडद्यापुढे उभं राहावं, पदर पसरावा. पण मी बसूनच होते. उठली ती नात. तिने धावत जाऊन कसली तरी तार ओढली आणि पडदा काळा झाला. त्याआधी मैत्रीण मागे वळून पडद्याकडे बघत होती. तिला मराठी वाचता येत होतं. मीच शिकवलं होतं. तिने ती ओळ वाचली, मान वळवली आणि पहिल्या रांगेत मला शोधलं. फक्त डोळे दिसत होते. मी खाली बघितलं.

शेवटी तिचं भाषण होतं. ती माइकपाशी आली, हातात कागद होते, ते तिने घडी करून पर्समध्ये ठेवले.

ती हिंदीत बोलली. मी मराठीत लिहिते. "अध्यक्ष महोदय, मी तीन गाणी घेऊन आले होते. तिन्हीमध्ये शेवटी त्या बाईचं कापड उडतं. ते कसं उडतं, कुणी उडवतं, हे मी दाखवणार होते. समोरच्या वक्त्यांनी ते प्रत्यक्ष करून दाखवलं, त्यामुळे माझा वेळ वाचला. फरक इतकाच, की गाण्यातल्या बाईला कॅमेरा चालू आहे हे ठाऊक असतं आणि तिला त्याचे पैसे मिळतात. अर्थ नवा आहे का, असा आजचा विषय आहे. यात नवीन काय आहे? ज्याचा चेहरा त्याला सोडून सगळ्यांना विचारायचं, हे जुनंच आहे." आणि ती जाऊन बसली. मुद्दे एवढेच. तिन्ही गाणी राहिली, कपडे धुणाऱ्या मुलीचं गाणंही राहिलं.

टाळ्या थांबेनात. लोक उभे राहिले. परीक्षकांतल्या एका बाईंनी डोळे पुसले. ढाल या दोघींना मिळाली.

आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बरंच झालं की! फोटो नसता तर ती इतकं तोडीस तोड बोलली असती का? मी तिथे बसल्या बसल्या माझ्या बोटाला माफही करून टाकलं होतं.

बाहेर व्हरांड्यात आम्ही तिघी उभ्या होतो. तेवढ्यात तो मुलगा आला, वाकला आणि माझ्या पाया पडला. "आजी, तुमच्या फोटोने तर गंमतच झाली! हरलो, पण रंगला ना कार्यक्रम?"

माझा हात त्याच्या डोक्यावर गेला. आशीर्वादाला. सवयीने, दुसरं काही नाही. वाकलेल्या पोराच्या डोक्यावर हात आपोआप जातो. तिच्यादेखत मी त्याला आशीर्वाद दिला.

नात त्याच्यावर ओरडली, "शरम नहीं आती?" तो खरोखरच गोंधळला. "मी काय केलं? आईच्या फोनवर आला होता. आजींनीच तर सगळ्यांना पाठवला होता ना?"

हो. मीच तर पाठवला होता.

मैत्रीण गोदौलियाच्या चौकापर्यंत आमच्याबरोबर आली आणि तिथून रिक्षाने गेली.

घरी येऊन मी फोटो पुसायला गेले तर तो आता माझ्या हातातला राहिलाच नव्हता. सेक्रेटरीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, एवढं काय मनावर घेता? चेहराच तर आहे!" आठवड्यापूर्वी कुणी विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं, याच आवाजात. मग नातीने मला तिच्या फोनवर एक गोष्ट दाखवली. दाखवताना ती रडत होती. कुणीतरी कॉलेजच्या पोराने तोच फोटो घेऊन वर काळं कापड चिकटवलं होतं, आणि ढोल वाजला की ते कापड उडत होतं. मागे तेच गाणं. उंटवालं. ते किती जणांनी बघितलं असेल कोण जाणे. गजरा मी दिलेला, खुर्ची माझी, मागची भिंत माझी.

मी मंडळाचा ग्रुप सोडला. त्याने काय होणार होतं? सोडला आपला.

पंधरा-वीस दिवस ती आली नाही. मदनपुऱ्यात तिच्या घरी जावं असं मला रोज वाटायचं आणि रोज गुडघा दुखायचा. मग परीक्षा जवळ आली, नातीकडे तिची काही पुस्तकं होती, आणि एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. मी धडपडत दारात गेले. ती वर आली. दम लागला होता. मी वाट बघत राहिले की आता ती नकाब वर करेल, जिन्याला शिव्या देईल. तिने चपला काढल्या, "नमस्ते आजी" म्हणाली आणि नकाब तसाच ठेवून आत गेली.

दुपारभर दोघी अभ्यास करत होत्या. गाणं नव्हतं, ठेका नव्हता. जेवायच्या वेळी मी पाट मांडला, पिठलं केलं होतं, भात, आणि मुद्दाम खरवड वेगळी काढून ठेवली होती. मला वाटलं, ती नाही म्हणेल. ती बसली. डाव्या हाताने नकाबाचं टोक पुढे धरायचं, उजव्या हाताने खालून घास न्यायचा, पुन्हा कापड सोडायचं. रस्त्यावरच्या हॉटेलात, चार अनोळखी पुरुष समोर असताना जेवावं, तशी ती माझ्या स्वयंपाकघरात जेवत होती. तिथे नात होती आणि मी. आणखी कुणी नाही. इतकी वर्षं ती या पाटावर उघड्या तोंडाने, नाकाला पिठलं लावून जेवली होती.

मला ते बघवेना. मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले, गुडघ्याची पर्वा न करता. म्हटलं, "अगं, मी चुकले. मी ग्रुप सोडला. सगळ्यांना पुसायला सांगितलं. तू मला बोल ना काहीतरी. त्या पोराला कशी भरसभेत सुनावलीस, तशी मलाही सुनाव. ओरड माझ्यावर."

तिने हातातला घास ताटात ठेवला. मराठीतच बोलली, नेहमीसारखी सावकाश, शब्द शोधत.

"त्या मुलावरचा राग माइकवर निघून गेला, आजी. तुमच्यावरचा कुठे काढू? तुमच्या घरी तर मी जेवते."